मी शनिवारी खरोखर पडले

"सुरी खाली ठेवा! आहे तिथेच ठेवा, हलू नका!"

डेव्हिड नावाचा तो धिप्पाड गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारातून असा ओरडला, जणू मी कुणाच्या मानेवरच सुरी धरली होती. मी धरली होती ती चीजच्या तुकड्यावर. गुरुवारची संध्याकाळ, लंडनच्या स्टॅनमोरहून वेल्सच्या सीमेपर्यंत गाडी हाकून आलेली मी, पोटात भुकेचा डोंब, आणि समोर एक निरुपद्रवी चीज. एवढाच माझा गुन्हा.

सुरीची मूठ लाल होती. लाल म्हणजे मांसाची. चीजला निळी, कारण ज्यू धर्मात मांस आणि दूधदुभतं एकमेकांना शिवू द्यायचं नाही. ताटं वेगळी, सिंक वेगळी, भांडी पुसायची फडकीसुद्धा वेगळी. डेव्हिडने ती सुरी दोन बोटांनी उचलून वेगळ्या डब्यात ठेवली आणि तिचं काय करायचं ते धर्मगुरूंना विचारावं लागेल असं जाहीर केलं. मग चीजकडे वळला. चीजला मी शेवटचं पाहिलं ते कचऱ्याच्या पिशवीत.

कॅज्युअल्टीत डॉक्टरकी करण्यात आयुष्य काढलेली बाई आहे मी. दारुड्यांनी माझ्यावर ओकाऱ्या काढल्यात, एका लॉर्डसाहेबांनी स्टेथोस्कोप ओढून माझा गळा आवळलाय, पण ओरडायचं काम कायम माझ्याकडे असायचं. माझ्यावर याआधी असं कुणी ओरडलं असेल तर त्या मिरजेच्या आमच्या थोरल्या काकू, मी त्यांच्या सोवळ्यातल्या लोणच्याच्या बरणीला हात लावला तेव्हा. तेव्हा मी सात वर्षांची होते आणि रडले होते. आता मी निवृत्त आहे आणि रागावले. इथलं सगळं बोलणं इंग्रजीत झालं हे उघड आहे, पण मला राग मराठीतच येतो, म्हणून सांगतेही तसंच.

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते. स्टॅनमोरमध्ये आमच्या कुंपणापलीकडे रूथ राहते. पोरं लहान होती तेव्हापासूनची मैत्री. ती मला सफरचंदाचा केक देते, मी तिला दिवाळीत चकल्या देते. आमच्या स्वयंपाकघरातलं तिला चालत नाही, त्यामुळे त्या चकल्या ती इतकी वर्षं पोस्टमनला देते आहे, हे मला पोस्टमननेच सांगितलं. चांगल्या झाल्या होत्या म्हणाला.

ही रूथ दर जुलैत ज्यू मुलांचा समर कॅम्प चालवते. तिच्या वडिलांनी सुरू केलेला. वेल्सच्या सीमेवर एक जुनी बोर्डिंग स्कूल आहे, सुट्टीत ती भाड्याने मिळते. यंदा शाळेच्या ट्रस्टींना साक्षात्कार झाला: कॅम्पला मान्यतेचं सर्टिफिकेट असेल तरच फाटक उघडू. म्हणजे इन्स्पेक्शन आलं. मे महिन्याच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत कॅम्पच्या तरुण लीडर्सचं ट्रेनिंग असतं, तेव्हाच इन्स्पेक्टर येऊन बघणार होता. आणि नेमका फर्स्ट-एड शिकवणारा माणूस पाठ धरून झोपला. रूथ कुंपणावरून वाकली आणि म्हणाली, "मंदा, तुझं त्या आठवड्यात काही आहे का गं?"

माझं काही नव्हतं. आमच्या ह्यांनी चिवड्याचा डबा बांधून दिला. तो चिवडा पूर्ण मुक्काम गाडीच्या डिकीत राहिला, कारण बाहेरचा खाऊ त्या इमारतीत न्यायची सोय नव्हती. मी रोज पार्किंगमध्ये जाऊन, डिकी उघडून, चोरासारखा बकाणा भरून येत असे. रस्त्याचं वर्णन करत नाही. मेंढ्या होत्या.

शुक्रवार, सूर्य मावळेपर्यंत

लीडर्स म्हणजे अठरा-वीस वर्षांची पोरं. हुशार, गोड, आणि कुणालाही काही सांगायचं तर आधी तीनदा सॉरी म्हणणारी. त्यात तालिया नावाची एक मुलगी. तिला रूथने जुलैत अख्ख्या नदीकाठच्या गटाची प्रमुख नेमलं होतं, आणि तिचा आवाज असा की शेजारी बसलेल्या मांजराला ऐकू जायचा नाही. सकाळी तिला म्हटलं, मी बेशुद्ध आहे असं समज, मदत बोलव. ती म्हणाली, "कुणाला शक्य असेल तर प्लीज कुणीतरी फोन कराल का?"

मी बेशुद्धावस्थेतून उठून बसले. त्यांना सांगितलं, "'कुणीतरी' नावाचा माणूस अजून जन्माला यायचाय. बोट दाखवा, नाव घ्या. तू फोन कर. तू फाटकावर जा. तू टॉवेल आण. आणि डोक्याला लागलं असेल तर पहिला प्रश्न, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेता का?"

दिवसभर मी त्यांच्याकडून ओरडून घेतलं. दुपारी तालियाने मला उद्देशून अशी एक हाक मारली की पलीकडच्या कुरणातल्या गायी उठून उभ्या राहिल्या. अतिशयोक्ती करत नाही. एक उठली नाही, पण ती गाभण होती.

मग संध्याकाळ झाली आणि इमारतीचा नूरच पालटला. पांढरे शर्ट, ओले केस, मेणबत्त्या. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी अंधार पडेपर्यंत त्यांचा शब्बात. त्यात फोन नाही, गाडी नाही, लिहिणं नाही, दिव्याचं बटण दाबणं नाही. वेणी घातलेला पाव आला, मीठ लावून हातोहात फिरला. सगळ्यांना कोंबडीचं सूप, माझ्यासाठी वेगळं भाज्यांचं, आणि त्यात तरंगणारे पिठाचे गोळे. आमच्या गोळ्यांच्या आमटीतल्या गोळ्यांचे हे सख्खे मावसभाऊ, फक्त बिचाऱ्यांना तिखट कुणी दाखवलेलं नाही. जेवण झाल्यावर टेबलावर ठेका धरून गाणी. मला एक शब्द कळला नाही, तरी मी सगळ्यात मोठ्याने म्हटली.

आणि झोपायला जाताना मी घात केला. बाथरूमच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली होती. मला वाटलं, बिघडलंय. दिवा जळत ठेवून झोपायची आमच्या घरची रीत नाही. मी चिकटपट्टी काढली आणि दिवा बंद केला. तो दिवा त्यांनी मुद्दाम सूर्यास्तापूर्वी लावून ठेवला होता, रात्रभरासाठी. आता तो परत कुणी लावायचा? मजल्यावरच्या सगळ्या मुली पहाटेपर्यंत भिंती चाचपत गेल्या.

सकाळी रूथ माझ्या दारात उभी. म्हणाली, "वरच्या बाथरूममध्ये खिडकी फार लहान आहे, नाही का?"

मी म्हटलं, आहे खरी.

"मुलींना दात घासताना काही दिसत नाही."

मी म्हटलं, अरेरे.

रूथ तशीच उभी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. परधर्माच्या माणसाकडूनही थेट मागून काम करून घ्यायचं नसतं, त्याला आपणहून सुचलं तर ती वेगळी गोष्ट. अगं बाई, मग हे मला आधी नाही का सांगायचं? माझ्या सासूबाई पुण्याच्या. त्यांनी हयातीत मला एक काम सरळ सांगितलं नाही. "आज दूध जरा लवकर आलंय" म्हणजे चहा ठेव. मी धावत जाऊन दिवा लावला, आणि त्या घटकेपासून रूथच्या अर्ध्या वाक्यावर कामं करू लागले.

शनिवार

इन्स्पेक्टर आले ते याच दिवशी. मिस्टर हॉलिस. रूथने शुक्रवार मागितला होता, रविवार मागितला होता, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते. साहेबांचं उत्तर, शनिवारच. मला आधीच संताप आलेला होता, त्यामुळे माणूस कसा दिसतो याकडे मी न्यायबुद्धीने पाहू शकले नाही. सुकलेल्या शेंगेसारखा दिसत होता. बूट मात्र दारात स्वतः पुसून आत आला, आणि घरून आणलेलं सँडविच डायनिंग हॉलमध्ये चालणार नाही म्हटल्यावर कुरकुर न करता गाडीत बसून खाल्लं. हे त्याच्या बाजूचं जेवढं होतं तेवढं मी सांगून टाकलं.

सकाळभर त्याने सगळं पाहिलं. खाटांमधलं अंतर, अग्निशामक, औषधांचं कपाट. डेव्हिडच्या स्वयंपाकघरात तर तो इतका रमला की लाल-निळ्या सुऱ्यांची व्यवस्था आदर्श आहे म्हणाला. डेव्हिडने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग तो लीडर्सकडे वळला आणि म्हणाला, मूल नदीकाठी पडलं असं समजा, मला इमर्जन्सी ड्रिल करून दाखवा, फोन लावण्यापासून.

रूथने शांतपणे समजावलं. जिवाला धोका असेल, नुसती शंका असली तरी, शब्बात मोडायचाच, तसा धर्माचाच हुकूम आहे. फोन करू, गाडी काढू, कुणाला विचारत बसणार नाही. पण ड्रिलमध्ये कुणाच्या जिवाला धोका नाही. त्यामुळे खोट्या ड्रिलसाठी शनिवारी फोनला हात लावता येत नाही. उद्या सकाळी हवं तेवढं दाखवतो.

मिस्टर हॉलिस म्हणाले, "उद्या किंवा मंगळवारी तुम्ही फोन कराल याबद्दल मला शंका नाही. मुलं इथे शनिवारीही असणार आहेत. शनिवारी काय होतं ते मला पाहायचंय. जे मी पाहिलं नाही त्यावर मी टिक करू शकत नाही."

आणि ड्रिलच्या रकान्यात टिक नसेल तर सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट नाही तर फाटक नाही. मुलांच्या नावनोंदण्या झालेल्या, रूथच्या वडिलांचा कॅम्प, सगळं त्या एका टिकेशी येऊन अडलं. म्हणजे बघा, जी माणसं खरोखर वेळ आली तर सगळं मोडून धावतील, ती खोटं धावत नाहीत म्हणून नापास. मी माझ्या नोकरीत असे इन्स्पेक्टर पाहिलेत, ते पेशंट जिवंत आहे का हे नंतर बघतात, आधी त्याच्या मनगटावर पट्टी आहे का बघतात. माझं डोकं असं तापलं की त्यावर त्यांचं ते शनिवारचं जेवण गरम राहिलं असतं.

ते जेवण तसंही गरमच होतं. शुक्रवारी संध्याकाळी मंद आचेवर चढवलेला घेवड्या-बटाट्याचा रस्सा, माझ्यासाठी बिनमांसाचा. रात्रभर शिजून त्याला आपल्या हुलग्याच्या माडग्यासारखा दाटपणा आलेला. संतापात मी तीनदा वाढून घेतला. मग रूथला भांड्यांच्या खोलीत ओढत नेलं आणि कुजबुजले, "काळजी करू नको. जेवण झालं की मी छातीला हात लावून पडते. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात मी दोनदा मेले आहे, बायका रडल्या होत्या. पोरांना खरं वाटेल, ती फोन करतील, त्यांना पाप नाही. साहेब बघतील, टिक करतील, मी उठून चहा पिईन."

रूथ तशी मवाळ बाई. तिने माझं मनगट धरलं. "नाही, मंदा. खोट्यासाठी माझी मुलं शब्बात मोडणार नाहीत. मग कॅम्प नाही झाला तरी चालेल. शप्पथ घे."

मी घेतली. हे नीट लक्षात ठेवा, मी शप्पथ घेतली. पण माझी कुजबुज ही चीज अशी आहे की ती शेजारच्या परगण्यात पोचते. भांड्यांच्या खोलीतून बाहेर आले तर मिस्टर हॉलिस दाराशी उभे, अग्निशामकावरची तारीख फार मन लावून वाचत.

जेवणानंतर सगळे नदीकडे निघालो. नदी म्हणजे आपल्या कृष्णेला शिंक आली तर एवढं पाणी उडेल. पण काठावरचे दगड शेवाळलेले, आणि मी साहेबांना तावातावाने तेच सांगत होते, की इथे मुलांना कसं उभं करायचं, पाय कुठे ठेवायचा आणि कुठे नाही. कुठे नाही ते दाखवायला मी पाय ठेवला.

आकाश, झाड, तालियाचा चेहरा, मग काहीच नाही.

मिनिटभर शुद्ध गेली असेल. मी घरी सांगताना अर्धा तास सांगते. डोळे उघडले तेव्हा कानामागून गरम धार वाहत होती. डोक्याची कातडी फाटली की रक्त किती येतं ते पाहिलेल्यालाच कळतं, बोकड कापल्यासारखं. आणि त्या सगळ्यावर एक आवाज: "जोश, तू फोन कर, आत्ता. हॅना, तू फाटकावर. बेन, टॉवेल. कुणीही त्यांना उठवायचं नाही." मग तो आवाज माझ्या तोंडाजवळ आला. "डॉक्टर, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेता का?"

घेते. ठोके चुकतात म्हणून गेल्या वर्षापासून घेते. आणि त्या गोळ्यांवर असलेल्या माणसाचं डोकं आपटलं तर आत काय होऊ शकतं, हे तिथे मला एकटीलाच पुरतं माहीत होतं. मी हो म्हटलं. तालियाचा रंग उडाला, पण टॉवेलवरचा दाब सुटला नाही.

कुणी कुणाला काही विचारलं नाही. जोशने फोन लावला. अँब्युलन्सला वेळ लागेल असं पलीकडून सांगितल्यावर रूथने सरळ व्हॅनची चावी घेतली. शनिवारी भर दुपारी, पांढऱ्या ब्लाऊजवर माझं रक्त घेऊन, ती बाई गाडी हाकत होती, आणि तालिया मागे माझं डोकं मांडीवर घेऊन मला गप्प राहायला सांगत होती. मला गप्प बस म्हणून सांगणारी आणि मी ऐकलं अशी ती पहिलीच.

त्याच दिवशी, हॉस्पिटलात

स्कॅन झाला. आत रक्तस्राव नव्हता, पण लक्ष ठेवायला थांबवून घेतलं. बाहेरून टाके, तेही एका कोवळ्या पोराने घातले. मी आरशात पाहिले, आमच्या वेळी गोधडीला बरे घालायचे.

रूथ आणि तालिया बाजूला बसून राहिल्या. जीव वाचवायला गाडी आणता येते, पण जीव वाचल्यावर ती परत नेता येत नाही. अंधार पडेपर्यंत दोघी तिथेच अडकल्या. मशीनमधून चहाचा कपसुद्धा घेता येईना. आपोआप उघडणाऱ्या दाराशी तालिया दुसरं कुणी येईपर्यंत थांबायची आणि त्याच्या मागोमाग शिरायची. मला म्हणाली, "मी आयुष्यात पहिल्यांदा शब्बात मोडला." मी म्हटलं, रात्री झोप नाही लागली तर मला सांग. ती म्हणाली, नाही, लागेल, ते करायचंच होतं.

चहाच्या सुमाराला मिस्टर हॉलिस आले. बूट पुसून. माझी विचारपूस केली, खुर्ची ओढली, आणि आवाज उतरवून म्हणाले, "डॉक्टर, दुपारी तुमचं बोलणं माझ्या कानावर पडलं होतं."

मी म्हटलं, परगण्यात सगळ्यांच्याच पडलं असणार.

"मला स्पष्ट विचारायचंय. हे ठरवून केलं होतं का? असेल तर माझी हरकत नाही. मी सगळं पाहिलं, अगदी व्यवस्थित झालं. फक्त जखम जरा जास्त झाली. तुम्ही हो म्हणालात तर मी ड्रिलवर टिक करतो आणि घरी जातो."

माझ्या डोक्याला टाके, उशीवर रक्त, हाताला सलाईनची सुई, आणि हा माणूस विचारतोय की मी नाटक केलं का. नाटक! मी काय टाळ्यांसाठी कवटी फोडून घेणार? असा संताप आला की बाजूच्या मॉनिटरने पिंपिं सुरू केलं आणि नर्स धावत आली.

ती गेल्यावर मात्र मला दिसलं की साहेबांचं पेन खरंच उघडं आहे. एक 'हो' म्हणायचा अवकाश, जुलैत फाटक उघडलं असतं. आणि थापा मारणं मला परकं आहे असं माझा नवरासुद्धा म्हणणार नाही. मी रूथकडे पाहिलं. रूथ खिडकीबाहेर बघत होती. तिने माझ्याकडे मान वळवली नाही, भुवई हलवली नाही, खिडकी लहान आहे की मोठी तेसुद्धा बोलली नाही. तालिया मात्र माझ्याकडेच बघत होती. ब्लाऊजच्या बाहीवरचे माझ्या रक्ताचे डाग तिने दुसऱ्या हाताने झाकले होते.

"मिस्टर हॉलिस," मी म्हटलं, "मी पडले. कुणी ठरवलं नव्हतं. शेवाळावरून पाय घसरला आणि मी खरोखर पडले."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मग ड्रिल झालं नाही," ते म्हणाले. "पण शनिवारी काय होतं ते मी पाहिलं. मंगळवारी येतो. मंगळवारचं चालेल."